रवा पडलेलं मलम

बाबा,

तुमच्या लाडकीने पायाला लावायचं एक मलम केलं आहे, आणि त्याच्या पेटंटसाठी अर्ज करावा की नाही हे मला ठरवायचं होतं. लाडकी म्हणजे मी नव्हे, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली. मी आता फार्मसी कॉलेजात पोरापोरींना मलमं करायला शिकवते, केसांना रंग लावते, गुडघ्यांची तक्रार करते. आणि तरी त्या दिवशी ती जिना चढून माझ्या खोलीत आली तेव्हा मला जे वाटलं, ते मूल गावातल्या आपल्या दुकानात शाळकरी वयात वाटायचं तेच होतं. मत्सर. याला जरा बरा दिसणारा दुसरा शब्द शोधून पाहिला, मिळाला नाही.

आधी हे काम काय असतं ते सांगते, म्हणजे तुम्हाला माझी अडचण कळेल. चंद्रपूरला आमच्या कॉलेजात एक पेटंट कक्ष आहे. आपल्या भागातल्या कोणी काही नवीन केलं तर ते इथे आणायचं. आम्हाला ते योग्य वाटलं तर पुढचा सगळा अर्ज कक्ष करतो, नाही वाटलं तर फाईल बंद. मलम, तेल, साबण असलं काही आलं की मत मी द्यायचं. त्यात दोन गोष्टी बघायच्या. हे आधी कोणी केलं आहे का, ही एक. ते शोधायला सोपं असतं. दुसरी अवघड: कोणी केलं नसलं तरी या धंद्यातल्या कुठल्याही जाणकाराला ते सहज सुचण्यासारखं आहे का? सहज सुचण्यासारखं असेल तर पेटंट नाही, मग ते कितीही गुणकारी असो. तिचं नाव फाईलवर पाहिल्याबरोबर मी कक्षप्रमुखांना जाऊन सांगितलं की ही बाई माझ्या लहानपणापासूनची ओळखीची आहे, हे काम दुसऱ्या कोणाला द्या. ते म्हणाले, "मॅडम, या जिल्ह्यात ओळख नसलेला माणूस मी आणू कुठून? ओळख आहे म्हणता, ते तसं कागदावर लिहून द्या आणि मोकळ्या मनाने मत द्या." त्यांना वाटलं मी तिला झुकतं माप देईन अशी मला भीती आहे. मी लिहून दिलं आणि परत आले. मोकळं मन कुठून आणायचं ते त्यांनी सांगितलं नाही.

दुकानामागची आपली खोली मला अजून जशीच्या तशी दिसते. एका कोपऱ्यात आईची चूल आणि दुसऱ्या कोपऱ्यात तुमचा स्टोव्ह. आई वरणाला फोडणी देत असायची आणि तुम्ही तिकडे मलम घोटत असायचात, त्यामुळे आपल्या घरच्या वरणाला कायम मेणाचा वास यायचा असं ती म्हणायची. आलापल्लीच्या सरकारी दवाखान्यात वर्षानुवर्षं कंपाउंडर म्हणून काढल्यावर तुम्ही मूलला येऊन औषधाचं दुकान टाकलंत, पण लोकांनी तुमचं कंपाउंडरभाऊ हे नाव काही सोडलं नाही. शिशीतली औषधं तर कुठल्याही दुकानात मिळत होती. तुमच्याकडे बाया यायच्या त्या चिखल्यांच्या मलमासाठी. रोवणा, म्हणजे धानाची लावणी, सुरू झाला की दिवसभर धानाच्या बांधीत, चिखलात पाय. बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडायच्या, मग फाटायच्या, मग त्यातून पाणी यायचं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच चिखलात उतरायचं. तुमचं मलम तसं साधंच. टोळीचं तेल, म्हणजे मोहाच्या बियांचं, जे थंडीत तुपासारखं गोठतं. त्यात मेण वितळवायचं, आणि खाली उतरवून वरून चुन्याची निवळी हळूहळू सोडत घोटत राहायचं. घोटता घोटता ते पिवळसर पांढरं, लोण्यासारखं व्हायचं. ते झालं की तुम्ही बोटावर घेऊन माझ्या हाताच्या पाठीला लावायचात आणि मी नाक मुरडायची. माझ्या आयुष्यातला शिकण्याचा पहिला वर्ग तोच.

आणि त्याच वर्गात ती आली. गल्लीच्या टोकाला राहणारी, राइस मिलमध्ये हमाली करणाऱ्याची मुलगी, माझ्याच वर्गातली. आईसाठी मलम न्यायला आली आणि घोटायचं बघत तिथेच बसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. मग रोजच यायला लागली. तुम्हाला ती आवडली, कारण ती प्रश्न विचारायची. मेण आधी काऊन टाकता, निवळीच काऊन, नुसतं पाणी काऊन नाही? मी असले प्रश्न विचारत नव्हते, कारण मला वाटायचं तुम्ही सांगता ते बरोबरच असणार. तुम्हाला माझा विश्वास दिसलाच नाही, तिचे प्रश्न दिसले. जयंतीच्या मिरवणुकीत दुकानासमोर तुम्ही सरबत वाटायचात तेव्हा पहिला ग्लास तिच्या हातात जायचा. मी मागे भांडी विसळत असायची. हे तुमच्या लक्षातही नसेल. माझ्या लक्षात आहे.

तो दिवस तर मी विसरणं शक्यच नाही. आषाढ आहे, बाहेर झड लागली आहे, आणि तुम्ही पहिल्यांदाच अख्खं पातेलं माझ्यावर सोपवून कोणाला तरी इंजेक्शन द्यायला गेला आहात. मी तेल तापवते, मेण सोडते, निवळी घालते, हात भरून येईपर्यंत घोटते. मग शेजारी टीव्हीवर काहीतरी लागलेलं असतं. मलमात माश्या पडू नयेत म्हणून मी पातेल्यावर गोणपाट झाकते, पातेलं लवंडू नये म्हणून दुसरं खाली गुंडाळते, आणि जाते. परत येऊन बघते तर मलमाला रवा पडलेला. साजूक तुपाला पडतो तसा, चांगला दाणेदार. तुपाला रवा पडला की आई खूश व्हायची, म्हणून मलाही वाटतं छान झालं. तुम्ही येता. काउंटरवर पाच-सहा बाया उभ्या आहेत. तुम्ही चमच्याने मलम उचलता, त्यांना दाखवता आणि म्हणता, "हे मलम होय का शिरा? कोणाच्या पायाले लावू मी हे? वितळव सारं. पुन्हा घोट." बाया हसतात. त्यांच्यात तिची आईही आहे. मी सगळं पुन्हा वितळवते, थंड पाण्याच्या परातीत पातेलं ठेवून भराभर घोटते, रवा पडू देत नाही. त्यानंतर माझ्या हातच्या कुठल्याही मलमाला कधीही रवा पडला नाही, बाबा. आजतागायत नाही.

पुढच्याच पावसाळ्यात तिच्या हातून तेच झालं. मी मुद्दाम दाराशी उभी राहिले, तुम्ही काय बोलता ते ऐकायला. तुम्ही पातेल्यात डोकावलात आणि हसलात. "पडला का रवा? पडू दे व. वितळव, मी घोटतो तुझ्यासंग." आणि खरंच बाजूला पाटावर बसलात. तिलाही तुम्ही वितळवायलाच लावलंत. रवा म्हणजे दोष, हे दोघींना सारखंच शिकवलंत. फरक फक्त आवाजात होता. आईने तुम्हाला एकदा छेडलं होतं, पोरीले रागावता अन् लोकाच्या पोरीले लाड करता म्हणून. तुम्ही म्हणालात, "हे माझी हाये. हिले नाई बोलणार तं कोणाले बोलू?" हे सगळेच बाप म्हणतात. आईचं समाधान झालं, माझं नाही झालं.

मग मी नागपूरला शिकायला गेले आणि ती डिप्लोमा करून तुमच्या काउंटरवर बसायला लागली. तुम्ही गेलात तेव्हा मी नागपूरहून रात्रीच निघून पहाटे पोचले. अंगणात बाया जमलेल्या. ती इतकी रडत होती की सगळ्या तिच्याभोवती बसून तिलाच समजावत होत्या. मी दारात चप्पल काढून उभी होते आणि थोडा वेळ कोणाचं माझ्याकडे लक्षच गेलं नाही. मला तुमच्यासाठी रडू येत होतं आणि त्याच वेळी मी बघत होते की माझ्या जागी कोण बसलं आहे. पुढे आईने दुकान तिलाच चालवायला दिलं. तोवर मला चंद्रपूरला नोकरी लागली होती, ती मी सोडणार नव्हते, तेव्हा ते बरोबरच होतं. मला तेही आवडलं नव्हतं.

तर ही बाई या पावसाळ्यात माझ्या खोलीत आली. ओल्या रेनकोटसकट खुर्चीत बसली, आणि मी "बोला मॅडम" म्हटल्यावर म्हणाली, "कोणती मॅडम व? तू काऊन अशी बोलून राह्यली?" पिशवीतून तिने प्लास्टिकची डबी काढली, झाकण उघडून माझ्यासमोर सरकवली. टोळीचं तेल, मेण, चुन्याची निवळी. तुमचंच मलम. आणि त्याला रवा पडलेला, भरपूर. मी बोटावर घेतलं आणि दोन बोटांत चोळलं. दाणे लागले. बाबा, त्या क्षणी मला जो आनंद झाला तो काय सांगू. पोरांच्या प्रॅक्टिकलला असं मलम आलं तर मी त्याचे मार्क कापते. तुमच्या लाडकीला इतक्या वर्षांत साधा रवा टाळता येत नाही, आणि ती याचं पेटंट मागते आहे!

"रवा पडलाय," मी म्हटलं.

"पडला नाई, पाडला," ती म्हणाली. "तेच तं हाये."

तिने सांगितलं ते असं. दोन वर्षांमागे ऐन रोवण्यात तिच्या एका पातेल्याला रवा पडला. बाया दुकानासमोर उभ्या, ट्रॅक्टर सुटायच्या घाईत. "वितळवाले टाइमच नाई भेटला. म्हटलं, घेऊन जा अशीच, नंतर चांगलं देतो. तं त्या नंतर आल्या अन् म्हणते, आमाले तेच रवावालं दे. मले वाटलं उगाच म्हणून राह्यल्या, मले बरं वाटावं म्हणून. पण साऱ्याच म्हणून राह्यल्या न." मग तिने मुद्दाम दोन्ही प्रकारची केली आणि बायांना सांगितलं की एका पायाला गुळगुळीत लावा, दुसऱ्याला रवाळ, आणि जेवायच्या सुट्टीत मला पाय दाखवा. लोण्यासारखं मलम चिखलात उतरल्यावर अंगाच्या उबेनेच पातळ होतं आणि वाहून जातं. रवा कडक असतो, तो बेचक्यांत अडकून बसतो आणि हळूहळू विरघळत दुपारपर्यंत टिकतो. रवा बरोबर पडावा म्हणून ती आता मलम डब्यात भरून तो धानाच्या तणसात, म्हणजे पेंढ्यात, पुरते, म्हणजे ते सावकाश थंड होतं. नागपूरची एक कंपनी नमुना मागते आहे. तिला नमुना द्यायचा आहे, पण कागद हातात आल्याशिवाय नाही. "एकदा त्याईच्या हाती गेलं की मले कोण इचारते? माझ्याजवळ दुसरं हाये काय?" ती म्हणाली. तेवढं बोलताना ती हसत नव्हती.

ती गेल्यावर मी कच्चं मत लिहायला बसले आणि ते सरसर लिहून झालं. टोळीचं तेल पायाला लावतात हे इथे सगळ्यांना माहीत. मेण पुस्तकात आहे. तेल आणि चुन्याची निवळी घोटून लावणं तर भाजलेल्यावर घरोघरी करतात. सावकाश थंड केलं की स्निग्ध पदार्थाला रवा पडतो हे तूप कढवणारी कुठलीही बाई सांगेल. चारही गोष्टी जुन्या, त्या एकत्र केल्या, यात नवीन काय? जाणकाराला सहज सुचण्यासारखं. मुद्दा पटण्यासारखा होता, वाक्यं चांगली झाली होती, आणि लिहिताना मी चक्क गुणगुणत होते. तेच मला खटकलं. एखाद्याची फाईल बंद करताना मी एरवी गुणगुणत नाही. म्हणून मत पाठवायच्या आधी प्रत्यक्ष जाऊन बघायचं ठरवलं. खरं म्हणजे, तिचं म्हणणं खोटं निघालं तर बरं, एवढीच आशा होती.

मूलच्या पुढे रस्त्याला लागून बांध्या आहेत, तिथे तिने मला नेलं. बाया जेवायला धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसल्या होत्या, डबे उघडून. सकाळी प्रत्येकीने दोन पायांना दोन मलमं लावली होती, तिने त्यांना पाय धुऊन दाखवायला सांगितलं. मी वाकून एकेकीचे पाय बघितले. गुळगुळीत मलमाच्या पायाच्या बेचक्या पांढऱ्याफटक, सुरकुतलेल्या, एकीची फाटलेली. रवाळ मलमाच्या पायाला कातडी जशीच्या तशी होती, आणि बोटांच्या मध्ये हात लावला तर मलम अजून हाताला लागत होतं. मी पायांची अदलाबदल झाली नाही ना, कोणी पाय वर ठेवून बसली होती का, असे खूप प्रश्न विचारले. सगळ्याची उत्तरं सरळ मिळाली. पाय खोटं बोलत नव्हते. तेवढ्यात एक म्हातारी तुमच्या लाडकीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "कंपाउंडरभाऊची पोरगी शोभते बाप्पा. बापाचा हात उतरला इच्यात."

मी मान वर केली नाही. तीच पटकन म्हणाली, "मी नाई व बाई. पोरगी तं हे हाये, हे मॅडम."

म्हातारीने मला खालून वर बघितलं. "हो काय? मले वाटलं तूच हायेस." आणि डब्यातली भाजी माझ्यापुढे करून म्हणाली, "घे व माय, खा." मी खाल्ली. दुसरं काय करणार? परतीच्या रस्त्यावर तुमची लाडकी एकदम म्हणाली, "म्हातारी हाये व, तिले काई समजते का." तिने मला समजवावं, याचा मला आणखीच राग आला. ती चांगली आहे, बाबा. तिचा राग करणं कठीण जातं आणि तरी मी ते नेटाने करत आले आहे.

आठवडाभर मी ते कच्चं मत टेबलावर ठेवलं. मलम चालतं याने काही ठरत नव्हतं. सहज सुचण्यासारख्या गोष्टीही चालतातच. प्रश्न तोच होता, कोणाला सहज सुचलं असतं? कायद्यात त्यासाठी एक माणूस कल्पिलेला आहे. तो या धंद्यातला जाणकार असतो. त्याला आधीचं सगळं माहीत असतं, सगळी पुस्तकं त्याने वाचलेली असतात, हात तयार असतो. पण तो फार हुशार नसतो. त्याला शिकवलं आहे ते तो नीट करतो, त्यापलीकडे काही त्याला सुचत नाही. मत देणाऱ्याने त्या माणसाच्या डोळ्यांनी बघायचं असतं. वर्गात हे मी दरवर्षी शिकवते आणि पोरं विचारतात, मॅडम, असा माणूस असतो कुठे? मी म्हणते, कुठेच नसतो, समजून चालायचं.

आठवडा संपता संपता कॉलेजात प्रॅक्टिकल होतं. एका मुलीच्या मलमाला रवा पडला होता. मी सवयीने तिला म्हटलं, वितळव आणि पाण्यात ठेवून भराभर घोट. ती बिचारी मान खाली घालून वितळवायला गेली. आणि मी तिथेच उभी राहिले. टोळीचं तेल मला माहीत होतं. मेण, निवळी माहीत होती. चिखल्या झालेले पाय मी लहानपणापासून बघितले होते. गोणपाट गुंडाळून रवा मी स्वतः पाडला होता, या हातांनी, अख्खं पातेलं. त्या पातेल्यातलं एक बोट मलम कोणाच्या पायाला लावून बघावं असं मला त्या दिवशी सुचलं नाही, त्यानंतरच्या कुठल्याही दिवशी सुचलं नाही. मी तुमचं ऐकलं, पुस्तकांचं ऐकलं, आणि मग शेकडो पोरांना तेच ऐकायला लावलं. कायद्यातला तो माणूस कुठे असतो असं पोरांनी पुन्हा विचारलं तर आता मला उत्तर माहीत आहे. तो मी आहे. आणि मला ते सुचलेलं नाही, म्हणजे ते सहज सुचण्यासारखं नाही. पुरावा म्हणून याहून भक्कम काय देणार?

आधीचं मत फाडून मी दुसरं लिहिलं. धंद्यातल्या प्रत्येकाला रवा हा दोष म्हणून शिकवला जातो, तो टाळण्याचे उपाय शिकवले जातात, त्यामुळे जाणकार माणूस या वाटेला जाण्याऐवजी तिच्यापासून दूरच गेला असता, असं लिहिलं. बैठकीत एक सहकारी म्हणाले, हे तर आजीबाईच्या बटव्यातलं, परंपरेतलं ज्ञान आहे, त्याचं पेटंट कसं होईल? मी म्हटलं, मलम परंपरेतलं आहे, मान्य. पण रवा पाडणं परंपरेत नाही, परंपरेत तो वितळवायचा असतो. मला माहीत आहे, कारण परंपरेने मला बायांसमोर तो वितळवायला लावला आहे. ते हसले. कक्षप्रमुखांनी तुपाचा मुद्दा काढला, तूप करताना रवा मुद्दाम पाडतातच ना? मी म्हटलं, तो खाण्यासाठी. तूप दाणेदार आवडतं म्हणून कोणी आजवर मलम दाणेदार केलं का? अर्धा तास मी तिच्या बाजूने अशी भांडले की कोणी बघणाऱ्याने म्हटलं असतं, काय जीव आहे हिचा मैत्रिणीवर. शेवटी अर्ज करायचं ठरलं. पेटंट मिळेल की नाही ते वरचं कार्यालय ठरवेल, त्याला वर्षं लागतील. पण अर्ज गेला की नमुना द्यायला ती मोकळी आहे.

संध्याकाळी तिला फोन केला. आधी ती नुसतीच "हो का, हो का" करत राहिली. मग रडली, तिला रडायला वेळ लागत नाही. मग म्हणाली, "तूनं केलं व हे. मले माहीत हाये, तूनंच केलं." मी म्हटलं, मी काही केलं नाही, जे खरं होतं ते लिहिलं. त्यावर तिने विचारलं, "काकाजीले पटलं असतं का व?"

तिला काय ऐकायचं होतं ते मला कळलं होतं. पटलं असतं, अभिमान वाटला असता, एवढं म्हटलं असतं तरी तिचा जन्म सार्थकी लागला असता. मी म्हटलं, "नाही. त्यांना कधीच पटलं नसतं."

ती मग हळूच म्हणाली, "हो. खरं हाये." आणि फोन ठेवला.

तिला लागलं असणार. पण बाबा, मी खोटं बोलले नाही. तुम्ही असतात तर तिलाही तुम्ही पुन्हा वितळवायला लावलं असतंत, प्रेमाने का होईना, पण लावलंच असतंत. मीही तेच केलं असतं. म्हणजे या एका बाबतीत तुम्ही आणि मी एका बाजूला, आणि ती एकटी दुसऱ्या बाजूला. असं आपल्या तिघांत कधी झालं नव्हतं. हे पत्र कोणाला दाखवायचं नाही आणि कुठे पाठवताही येत नाही, म्हणून लिहून टाकते. तिचं काम झालं याचा मला आनंद झाला, पण थोडाच. खरा आनंद झाला तो तुम्ही चुकलात याचा, आणि तिच्या बाजूला नाही, माझ्या बाजूला राहून चुकलात याचा.